गुडघे दुखतात म्हणून चालणे सोडू नका

जिना उतरताना कठड्याचा आधार लागतो. मांडी घालून बसले की उठवत नाही. नातवाला बागेत नेणेही हळूहळू बंद होते. पन्नाशीनंतर अनेक घरांतली ही तक्रार. ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ असे म्हणून आजी खुर्चीला खिळून बसतात. चूक इथेच होते.

गुडघ्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजू लागले की सांधा दुखतो, आखडतो. ही झीज भरून काढणारे औषध अजून निघालेले नाही. पण दुखणे आटोक्यात ठेवता येते, आणि अनेकांना शस्त्रक्रिया टाळता किंवा लांबवता येते.

स्नायू बळकट करा

मांडीचे स्नायू गुडघ्याला आधार देतात. बसून राहिल्याने ते दुबळे होतात आणि दुखणे वाढते. म्हणून खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच अंक मोजा, सावकाश खाली आणा. दोन्ही पायांनी रोज दहा-दहा वेळा करा. जोडीला सपाट रस्त्यावर चाला. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले, तर प्रमाण कमी करा. व्यायाम सोडू नका. गुण यायला काही आठवडे लागतात.

वजन जास्त असेल तर कमी करा. एक किलो घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. उकिडवे बसणे टाळा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा.

औषधे जपून

आधी डायक्लोफेनॅकचे मलम लावून पाहावे. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेतल्यास जठर व मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते घेणाऱ्यांची कूर्चा अधिक झिजल्याचे २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्याही २००६ च्या मोठ्या चाचणीत एकंदरीत नकली गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

गुडघा लाल व गरम होऊन ताप आला, सांधा अडकला किंवा पायावर भारच देता येईना, तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

एरवी वेळ नाही ही सबब चालणार नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत हा व्यायाम सहज उरकतो!