गरोदरपणातील रक्तचाचणी : चाळणी आणि निदान

शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावात गरोदर स्त्रीची नोंदणी पाचव्या महिन्यात झाली, तर जन्मजात दोषांची जोखीम सांगणारी पहिली चाचणी हुकलेली असते. 'डबल मार्कर' ही रक्तचाचणी ११ ते १३ आठवड्यांत सोनोग्राफीच्या जोडीने केली जाते, तर 'क्वाड्रुपल मार्कर' साधारणतः १५ ते २० आठवड्यांत.

मातेचे वयही विचारात घेऊन डाउन सिंड्रोमसारख्या दोषाची जोखीम, उदाहरणार्थ, '२०० मध्ये १' अशी वर्तविली जाते. ही चाळणी होय, निदान नव्हे. अशा २०० गर्भांपैकी १९९ गर्भांत तो दोष नसतो. खात्रीसाठी गर्भजल परीक्षा करावी लागते. लिंगनिवडीसाठी तिचा गैरवापर झाल्याने महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला व १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला. दोषनिदानास त्यात मुभा आहे. लिंग सांगण्यास बंदी आहे.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर गर्भदोष असल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने व त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. गर्भ ठेवावा की नाही, हा विचार त्या स्त्रीचा आहे. परंतु विचारासाठी अवधी मिळावा, याकरिता १२ आठवड्यांच्या आत नोंदणी होणे अगत्याचे आहे.