पोल्ट्रीतल्या माश्या फवारणी करूनही का संपत नाहीत? खरे कारण पिंजऱ्याखाली आहे

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की पोल्ट्रीशेजारच्या गावांत एकच तक्रार ऐकू येते. ताटावर माश्या, हंड्यावर माश्या, गोठ्यात माश्या. ग्रामसभेत विषय निघतो, तहसील कार्यालयात निवेदन जाते आणि पोल्ट्रीवाला दुसऱ्या दिवशी पाठीवर पंप घेऊन शेडभर औषध मारतो. दोन दिवस बरे जातात. आठवडाभराने माश्या पुन्हा हजर! मग औषधच बोगस निघाले, असे म्हणत त्याहून जहाल औषध आणले जाते.

दोष बहुतेक वेळा औषधाचा नसतो, ते कुठे मारले याचा असतो. उडणारी माशी हा शेवटचा टप्पा. त्याआधीची अंडी, अळी आणि कोष ही तिन्ही रूपे खतात असतात आणि फवारणी तिथपर्यंत पोहोचत नाही. माशीची मादी एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालते, तेही अनेकदा. अंडे एका दिवसात फुटते आणि उबदार हवेत सात ते दहा दिवसांत नवी माशी तयार होते. फवारणीनंतर आठवड्याने माश्या परत दिसतात, त्या याच.

माशीला हवी असते ओल

कोंबडीच्या ताज्या विष्ठेत सुमारे 75 टक्के पाणी असते आणि अळीला नेमकी एवढीच ओल मानवते. खत वाळून ओल 30 टक्क्यांच्या आसपास आली की तिथे अळी वाढत नाही. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण 100 ग्रॅम विष्ठा टाकते. म्हणजे 10 हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये रोज एक टन. पिंजऱ्याखाली हे ढीग महिनोन्महिने साचतात. वारा खेळता असेल तर ते वरून वाळत जातात आणि शंकूसारखे उभे राहतात. खत शंकूसारखे न राहता शेणासारखे पसरले असेल तर कुठेतरी पाणी मुरते आहे, हे नक्की.

बहुतेक वेळा ते गळक्या निपलमधून येते. एक निपल थेंबथेंब गळत असला तरी त्याखालचा ढीग अळ्यांनी वळवळतो. पत्र्याच्या वळचणीचे पाणी, शेडलगत उतार नसणे, खाद्यात मीठ जास्त झाल्याने पातळ होणारी विष्ठा ही बाकीची कारणे. रोज सकाळी निपलच्या ओळीखालून एक फेरी मारणे कंटाळवाणे काम आहे, पण महागड्या औषधाच्या बाटलीपेक्षा ते जास्त उपयोगी पडते.

खतातले मित्रकीटक

ऊस आणि कपाशीच्या शेतकऱ्यांना ट्रायकोकार्ड माहीत आहे. पोल्ट्रीच्या खतातही तसेच मदतनीस असतात. मॅक्रोकेलिस नावाचा कोळी माशीची अंडी खातो. हिस्टर जातीचे काळे, चकचकीत भुंगेरे अंडी आणि लहान अळ्या फस्त करतात. मुंगीहूनही लहान अशा परोपजीवी गांधीलमाश्या माशीच्या कोषात आपले अंडे घालतात. यांची संख्या वाढायला माशीपेक्षा जास्त वेळ लागतो. खतावर सरसकट कीटकनाशक मारले की आधी हेच मरतात, माशी मात्र लवकर सावरते. तिच्यात प्रतिकारशक्तीही झपाट्याने येते. डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या 1940च्या दशकातच आढळल्या होत्या.

इथे एक चूक हमखास होते. तक्रार आली की ऐन पावसाळ्यात सगळे खत खरवडून जमीन उघडी केली जाते. त्याबरोबर मित्रकीटकही जातात आणि नवी विष्ठा ओल्या जमिनीवर पडते. पुढच्या दोन आठवड्यांत माश्या आधीपेक्षा जास्त होतात. खत थंडीत किंवा कोरड्या दिवसांत, एक ओळ सोडून एक काढावे आणि तळाशी 10 ते 15 सेंटीमीटरचा वाळलेला थर ठेवावा. काढलेले खत शेडमागे उघडे टाकले तर माशी फक्त जागा बदलते. ते झाकून कुजवले तर ढिगातल्या उष्णतेने अळ्या मरतात.

जहाल औषधाची किंमत

2017च्या उन्हाळ्यात युरोपात लाखो अंडी दुकानांतून काढून घ्यावी लागली. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या पोल्ट्र्यांत कोंबड्यांचे रक्त शोषणाऱ्या लाल गोचिडीवर मारलेल्या द्रवात फिप्रोनिल मिसळलेले निघाले आणि ते अंड्यांत उतरले. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांवर ते वापरायला तिथे बंदी आहे. भारतात फिप्रोनिल भात-उसाच्या किडींसाठी दुकानात मिळते, त्यामुळे ते शेडमध्ये पोहोचायला वेळ लागत नाही. माश्यांसाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या डायक्लोरव्हॉसवर केंद्र सरकारने 31 डिसेंबर 2020 पासून बंदी घातली आहे. जुनी बाटली कोपऱ्यात पडलेली असेल, तर ती वापरायची नाही.

रासायनिक उपाय पूर्ण टाळा, असे कोणी म्हणत नाही. माशांचे आमिष खतापासून दूर, शेडच्या कडेला ठेवता येते. अळीनाशक फक्त जिथे अळ्या दिसतात त्या ओल्या ठिकाणापुरते, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि औषधांचे गट आलटून पालटून वापरावे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांत पोल्ट्री वस्तीपासून 500 मीटर दूर असावी, असे म्हटले आहे. माशी मात्र दोन-तीन किलोमीटर सहज जाते, त्यामुळे नियमातले अंतर पाळूनही वाद उरतोच.

माश्या वाढल्या की नाही हे मोजायची एक सोपी पद्धत आहे. पोस्टकार्डाएवढी पांढरी कार्डे शेडमध्ये आठ-दहा ठिकाणी, माश्या बसतात तिथे टांगायची आणि आठवड्याने त्यावरचे काळे ठिपके मोजायचे. एका कार्डावर 50हून जास्त ठिपके आले तर खाली ओल शोधायची वेळ झाली. कार्डावर तारीख घालून ती जपून ठेवली, तर पुढच्या ग्रामसभेत दाखवायलाही तेवढे हातात असते.