नैराश्याचं औषध आणि माला-एन

मावळातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट फुकट मिळतं. २८ गोळ्या: २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. नैराश्यावर सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्रॅम सुरू झालं, की शंका येते, आता माला-एन लागू पडेल ना? पडते! भीतीपोटी दोन्हींपैकी एकही गोळी परस्पर बंद करू नका.

खरी अडचण टीबीच्या रिफॅम्पिसिनची आणि फिटवरच्या कार्बामाझेपिनची. ही औषधं यकृतातली विकरं इतकी वाढवतात, की हार्मोन काम करण्याआधीच मोडतं. मन हलकं करणारी वनस्पती म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्टही तेच करतं. त्याला निरुपद्रवी समजणं मला फार घातक वाटतं. अशा वेळी तांबी किंवा अंतरा इंजेक्शन चालतं. रिफॅम्पिसिन थांबल्यावरही सुमारे चार आठवडे हा परिणाम टिकतो.