समजून घ्या : सहकारी शिक्षकाला चूक कशी सांगायची? मुख्याध्यापकांसाठी नोटिशीआधीची पायरी

किन्हीराजा (जि. वाशीम) : मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावांत शाळेचा स्टाफ छोटा असतो. मुख्याध्यापक आणि शिक्षक एकत्र डबा खातात, अनेकदा सोबतच अप-डाउन करतात. अशा वेळी एखादे शिक्षक वारंवार उशिरा येऊ लागले की मुख्याध्यापक एक तर डोळेझाक करतात, नाही तर थेट खुलासा मागतात. त्याआधी समोरासमोर बोलण्याची पायरी मात्र राहून जाते.

बोलणं अवघड का जातं?
शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या निकषांनुसार पहिली ते पाचवीचा पट 150 च्या वर किंवा सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल, तर मुख्याध्यापकाचं पद मिळतं. लहान शाळांत प्रभार सहसा ज्येष्ठ शिक्षकाकडे असतो. स्वतःचा वर्ग, पोषण आहाराचा हिशेब आणि त्यात बरोबरीच्या सहकाऱ्याची चूक दाखवायची. जिल्हा परिषद शाळेत निलंबनाचा अधिकारही त्यांच्याकडे नसतो, तो वरिष्ठांकडे असतो.

काय बोलायचं?
याच कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत : नियमित व वेळेवर हजेरी, अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं, मुलांची प्रगती तपासून मागे पडलेल्यांना जादा शिकवणं, पालकांशी नियमित बैठका. बोलणं याच चौकटीत ठेवावं. स्वभाव, घर, जात, संघटना यात आणू नये.

कसं बोलायचं?
- परिपाठात, पालकांसमोर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. शाळा सुटल्यावर एकट्याशी बोला.
- आधी मस्टर पाहा. ‘तुम्ही नेहमीच उशिरा येता’ म्हटलं की वाद होतो. ‘सर, या महिन्यात चार दिवस परिपाठानंतर आलात, चौथीचा वर्ग बसून होता’ याला उत्तर द्यावं लागतं.
- मग कारण विचारा आणि ऐका. घरी आजारपण असेल किंवा बीएलओचं काम असेल. निवडणुकीचं काम कायद्यानेच शिक्षकांना देता येतं. तिथे नोटिशीपेक्षा तासिकांची अदलाबदल उपयोगी पडते.
- काय बदलायचं आणि कधीपर्यंत, हे दोघांनी ठरवा. तारखेसह दोन ओळी लिहून ठेवा.
- पंधरा दिवसांनी पुन्हा बसा. सुधारणा झाली असेल तर तीही बोलून दाखवा.

काय बोलून मिटवायचं नाही?
विद्यार्थ्यावरील लैंगिक अत्याचाराची तक्रार आल्यास पोक्सो कायदा, 2012 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या कर्मचाऱ्याचा असा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. महिला सहकाऱ्याची लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

बोलूनही फरक पडला नाही तर?
लेखी खुलासा मागावा आणि नोंदींसह अहवाल केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. कलम 24 नुसार कारवाईआधी शिक्षकाला म्हणणं मांडण्याची संधी द्यावीच लागते. आधी झालेल्या बोलण्याच्या तारीखवार नोंदी तिथे दोघांच्याही कामी येतात.