‘फायटिंग बॉब’ : स्वतःच्याच पक्षाशी भिडलेला सिनेटर

अमेरिकी राजकारणातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे विस्कॉन्सिनचा रॉबर्ट ला फॉलेट!

🔹 पक्ष रिपब्लिकन, पण उभा दावा रेल्वे आणि लाकूड कंपन्यांची तळी उचलणाऱ्या स्वपक्षीयांशी. आधी सहा वर्षं प्रतिनिधिगृहात, मग १९०१ मध्ये राज्याचा गव्हर्नर.

🔹 त्याची एक युक्ती भन्नाट होती. आमदाराच्या मतदारसंघात जायचं आणि भरसभेत त्याची मतदानाची नोंद वाचून दाखवायची. कुठल्या विधेयकावर कुणाच्या बाजूने हात वर केला, ते लोकांना थेट कळायचं.

🔹 उमेदवार पुढाऱ्यांनी नव्हे, मतदारांनी ठरवावा, हा कायदा १९०४ च्या सार्वमतात मंजूर झाला. त्यामागे हाच.

🔹 १९०६ पासून सिनेटर. १९०८ मध्ये चलनविषयक विधेयक अडवायला तो १८ तासांहून जास्त वेळ सभागृहात बोलत राहिला. मध्येच मागवलेलं अंडं घातलेलं दूध कडवट लागलं म्हणून परत पाठवलं. तपासणीत ते विषारी निघालं!

🔹 १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याविरोधात मत देणारे सिनेटर फक्त ६, त्यात हा. ‘देशद्रोही’ म्हणून हकालपट्टीची मागणी झाली. ती १९१९ मध्ये बारगळली.

🔹 १९२४ ला राष्ट्राध्यक्षपदाची लढत: सुमारे ४८ लाख मतं, पण जिंकलं एकच राज्य, विस्कॉन्सिन. पुढच्याच वर्षी निधन.

१९५७ मध्ये, तेव्हा सिनेटर असलेल्या जॉन केनेडींच्या समितीने सिनेटच्या इतिहासातले ५ थोर सदस्य निवडले. हकालपट्टीच्या दारात उभा केलेला बॉब त्यात होता!