टोलमन–ओपेनहायमर–व्होल्कॉफ मर्यादा

टोलमन–ओपेनहायमर–व्होल्कॉफ मर्यादा (संक्षेपात टीओव्ही मर्यादा) म्हणजे स्वतःभोवती न फिरणाऱ्या, थंड न्यूट्रॉन ताऱ्याचे जास्तीत जास्त शक्य वस्तुमान होय. वस्तुमान याहून अधिक झाल्यास ताऱ्यातील दाब गुरुत्वाकर्षणाला तोलू शकत नाही व तारा कोसळून त्याचे कृष्णविवर बनते. श्वेत बटूंच्या बाबतीत चंद्रशेखर मर्यादेचे (सुमारे १.४ सौर वस्तुमान) जे स्थान आहे, तेच न्यूट्रॉन ताऱ्यांच्या बाबतीत या मर्यादेचे आहे. मात्र तिचे नेमके मूल्य अद्याप निश्चित झालेले नाही. बहुतेक अंदाज २.१ ते २.४ सौर वस्तुमानांच्या दरम्यान आहेत.

इतिहास

रिचर्ड टोलमन, तसेच रॉबर्ट ओपेनहायमर व जॉर्ज व्होल्कॉफ यांनी १९३९ मध्ये सामान्य सापेक्षता सिद्धान्ताच्या आधारे हा प्रश्न हाताळला. ओपेनहायमर व व्होल्कॉफ यांना ही मर्यादा केवळ ०.७ सौर वस्तुमान एवढी मिळाली. कारण न्यूट्रॉन परस्परांवर बल लावत नाहीत असे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात अतिशय जवळ आलेल्या न्यूट्रॉनांमध्ये तीव्र प्रतिकर्षण असते व त्यामुळे मर्यादा वाढते. अणुकेंद्रापेक्षा कित्येक पट घन अशा द्रव्याचे वर्तन प्रयोगशाळेत तपासता येत नाही. त्यामुळे उत्तर निरीक्षणांतूनच शोधावे लागते.

निरीक्षणे

पीएसआर जे०७४०+६६२० या स्पंदकाचे वस्तुमान सुमारे २.०८ सौर वस्तुमान आहे. म्हणून मर्यादा याहून फारशी कमी असू शकत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून आलेल्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. त्यांच्या अभ्यासावरून मर्यादेच्या वरच्या टोकाचा अंदाज बांधता आला.

महाराष्ट्राशी संबंध

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीने एनजीसी १८५१ या गोलाकार तारकागुच्छातील पहिला स्पंदक शोधला; हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. याच गुच्छात दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीला आणखी एक स्पंदक सापडला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याच्या जोडीदाराचे वस्तुमान २.०९ ते २.७१ सौर वस्तुमान आहे. तो अतिजड न्यूट्रॉन तारा आहे की हलके कृष्णविवर, हे टीओव्ही मर्यादा नेमकी कळल्याशिवाय केवळ वस्तुमानावरून ठरवता येत नाही.

यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या उभारणीस मंजुरी दिली. अशा विलीनीकरणांचे आकाशातील स्थान तिच्यामुळे अधिक अचूकपणे ठरवता येईल.