घराजवळचे पक्षी आणि एक न छापलेले छायाचित्र

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर माझा पुतण्या घरी आला होता. त्याचे कापडाचे दुकान सोलापूरच्या जुन्या बाजारपेठेत आहे. दरवर्षी दुकानातर्फे गिऱ्हाइकांना कॅलेंडर देण्याची प्रथा माझ्या वडिलांच्या काळापासून चालत आली आहे. चहा घेता घेता तो म्हणाला, ‘‘काका, या वेळी कॅलेंडरवर तुमचा तो बुलबुलच्या घरट्याचा फोटो घ्यायचा विचार आहे. सगळे म्हणतात, तुमचा तो सर्वांत चांगला फोटो आहे.’’ मी नकार दिला. त्याला आश्चर्य वाटले, थोडे वाईटही वाटले असावे. त्या नकाराचे कारण मी त्या दिवशी पूर्ण सांगितले नाही. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

राष्ट्रीयीकृत बँकेतील ३६ वर्षांच्या सेवेनंतर मी निवृत्त झालो, तेव्हा मुलाने मला एक कॅमेरा आणि दूरचे टिपणारी एक झूम लेन्स भेट दिली. तोपर्यंत कावळा, चिमणी, पारवा, पोपट आणि घार यांपलीकडे पक्ष्यांची नावे मला ठाऊक नव्हती. आमच्या घरामागील परसात एक जुना कडुनिंब, कढीपत्त्याचे झाड, जास्वंदीची दोन झुडपे आणि कुंपणाबाहेर एक पिंपळ आहे. मी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागलो आणि जे दिसे त्याची तारीखवार नोंद एका जुन्या खतावणीत करू लागलो. वर्षअखेर त्या वहीत ३४ पक्ष्यांची नावे झाली. त्यांपैकी बहुतेक पक्षी मी त्या घरात राहत असलेली सर्व वर्षे तेथेच असले पाहिजेत. मी मात्र साडेनऊची शाखा गाठण्याच्या घाईत त्यांना कधी पाहिले नव्हते.

उन्हाळ्यात दुपारभर ‘टुक् टुक्’ असा एकसुरी ठोका ऐकू येई. कोठेतरी भांडी घडवण्याचे काम चालू आहे, असेच मी समजत होतो. तो पिंपळाच्या शेंड्यावर बसलेला तांबट निघाला. रंगाने हिरवा, कपाळ व छाती लाल, आणि आकाराने चिमणीहून थोडासा मोठा. जास्वंदीवर येणारा काळाभोर, उन्हात जांभळा चमकणारा शिंजीर आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ असलेला मळकट पिवळा पक्षी हे दोन वेगळे पक्षी आहेत, असे मानून मी दोन नोंदी केल्या होत्या. पुढे कळले की विणीचा हंगाम संपला की नराचा तो झळाळता पोशाख उतरतो आणि तोच नर असा साधा दिसू लागतो. एकाच खातेदाराची दोन खाती उघडावीत, तशी ती माझी चूक होती. ती मी लाल शाईने दुरुस्त केली.

छायाचित्रणाचे तंत्र मी सावकाश शिकलो. पक्ष्याचा डोळा स्पष्ट यावा, प्रकाश सकाळचा कोवळा असावा, पक्षी उडता असेल तर शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी कालावधीचा ठेवावा, आणि पक्ष्याच्या पातळीवर येऊन टिपावे, म्हणजे चित्रात जीव येतो. या गोष्टी कोणालाही सरावाने जमतात. जे जमायला मला सर्वांत अधिक वेळ लागला, ते या तंत्रात मोडत नाही.

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात जास्वंदीच्या झुडपात लालबुड्या बुलबुलच्या जोडीने घरटे बांधले. बारीक मुळ्या आणि काटक्यांची ती वाटी कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली होती. त्यात फिकट गुलाबी, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी होती. सुमारे दोन आठवड्यांनी पिले बाहेर आली. एरवी फळांवर जगणारे बुलबुल पिलांना मात्र अळ्या आणि किडे भरवतात, हे मी खिडकीतून रोज पाहत होतो. पण घरट्यासमोर एक पानांनी भरलेली फांदी होती आणि चित्र काही केल्या स्वच्छ येत नव्हते.

एके सकाळी मी ती फांदी सुतळीने बाजूला ओढून कुंपणाला बांधली. घरट्यावर सकाळचे ऊन पडले. थोड्याच वेळात जोडीतील एक पक्षी अळी घेऊन आला, तीन चोची एकदम उघडल्या, आणि मला हवे ते चित्र मिळाले. पत्नी दारातून म्हणाली, ‘‘अहो, ती फांदी सोडा आता, पिलांना ऊन लागतंय.’’ मी म्हणालो, ‘‘पाच मिनिटं.’’ मग मी ते चित्र नातलगांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवले. कौतुकाचे निरोप आले, फोन आले. एप्रिलचा अखेरचा आठवडा होता. सोलापूरचे एप्रिलमधील ऊन वाचकांना सांगायला नको. एक वाजता मला फांदीची आठवण झाली. जाऊन पाहतो तो पक्षी घरट्याच्या काठावर पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत उभा होता. स्वतःच्या अंगाने तो पिलांवर सावली धरत होता. मी सुतळी सोडली. परंतु कुंपणावर कावळा बसलेला होता, आणि त्याने जे पाहायचे ते पाहिले होते. सायंकाळी घरटे रिकामे होते. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती जोडी चोचीत किडे घेऊन घरट्याशी येत होती, थोडा वेळ थांबत होती आणि परत जात होती.

कावळ्याने ते घरटे एरवीही शोधले असते, असे मला अनेकांनी समजावले. तसे झालेही असते. पण रोखपालाच्या पेटीत तूट आली, तर ‘उद्याही आलीच असती’ असा खुलासा बँकेत चालत नाही. ज्या दिवशी तूट आली त्या दिवशी किल्ली ज्याच्या हातात होती, त्याने ती भरून द्यायची असते. ही तूट भरून देण्याची सोय नव्हती.

त्यानंतर मी वाचू लागलो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. वन्य पक्ष्यांच्या बाबतीत त्यांची अंडी खराब करणे, तसेच अंडी अथवा घरटे यांना उपद्रव देणे हेही त्या व्याख्येत शिकारच आहे. ज्या घरात संध्याकाळी दिव्यावर किडा येईल म्हणून जपतात, त्या घरातील मी, कायद्याच्या भाषेत शिकारीच्या व्याख्येत बसत होतो. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

डॉ. सालिम अली यांचा पक्ष्यांशी संबंध लहानपणी एका चिमणीमुळे आला, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी मारली. ती ओळखता येईना, म्हणून ते मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’त गेले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत मिलार्ड नावाच्या सचिवांनी त्यांना पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. पुढे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीच्या पडण्याचेच नाव दिले. एका मेलेल्या चिमणीचे ऋण त्यांनी आयुष्यभर फेडले. माझ्यासारख्याला तितके शक्य नाही, पण वागणूक बदलणे शक्य होते.

आता मी काही नियम पाळतो. विणीच्या काळात घरट्याचे छायाचित्र घेत नाही आणि घरटे कोठे आहे हे गटावर कळवत नाही. फांदी, पान, दोरा यांना हात लावत नाही. फ्लॅश वापरत नाही. मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलावत नाही, कारण आपल्या हद्दीत परका नर आला असे समजून तो काम टाकून धावत येतो. पक्ष्याने माझ्याकडे पाहून खाणे किंवा गाणे थांबवले, तर मी फार जवळ आलो आहे असे समजून मागे सरतो. घराची खिडकी आणि अर्धा ओढलेला पडदा हे सर्वांत उत्तम लपण आहे. खिडकीआड बसलेल्या माणसाची पक्ष्यांना सवय होते.

आपल्या व्यापारी घरांत पक्ष्यांना दाणे टाकण्याची जुनी रीत आहे, तिच्याविषयीही नम्रपणे एक गोष्ट सांगतो. माझ्या वहीप्रमाणे ज्वारीच्या दाण्यावर येणारे पक्षी मुख्यतः पारवे आणि चिमण्या. दयाळ, शिंपी, नाचण, वेडा राघू हे कीटकांवर जगतात. ते दाण्याकडे पाहतही नाहीत. त्यांना हवे असते झुडूप, औषध न फवारलेली बाग आणि पाणी. दोन बोटे खोल, खरखरीत तळाचे मातीचे पसरट भांडे सावलीत ठेवावे. रोज घासून त्यातील पाणी बदलावे, म्हणजे डासही होत नाहीत. जवळपास मांजराला दबा धरता येईल अशी जागा नसावी. एवढ्यावर आमच्या परसात एका उन्हाळ्यात ११ जातींचे पक्षी पाणी प्यायला आले.

पुतण्याला हे सर्व मी नंतर एका रविवारी सांगितले. तो काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘फोटो तर सुंदर आहे, काका. पण आता तो भिंतीवर वर्षभर पाहवणार नाही.’’ कॅलेंडरवर शेवटी मातीच्या भांड्यातील पाण्यात अंघोळ करणाऱ्या चिमणीचे साधे चित्र छापले गेले. त्यात चिमणीची शेपटी थोडी अस्पष्ट आली आहे. त्याने दुकानाच्या गच्चीवरही तसे एक भांडे ठेवले आहे आणि दुकान उघडणारा मुलगा रोज त्यात पाणी भरतो.

या वर्षी कढीपत्त्याच्या झाडात पुन्हा बुलबुलने घरटे केले. ते मी खिडकीतून दुर्बिणीने पाहिले. चित्र एकही घेतले नाही. नात सुटीला आली होती. रोज सकाळी ती खुर्चीवर चढून पाही आणि मला हळू आवाजात सांगे, ‘‘आजोबा, आहेत.’’ एके दिवशी दोन पिले फांदीवर येऊन बसली आणि दुपारपर्यंत कडुनिंबात गेली. ती तारीख वहीत नातीच्या अक्षरात आहे.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन. ते आमच्या सोलापूरचे. १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा. दिवाळीच्या आगेमागे येणाऱ्या या आठवड्यात, दुकान उघडण्यापूर्वीची पंधरा मिनिटे आपण खिडकीशी बसावे, अशी विनंती आहे. एक वही आणि पेन पुरे आहे. कॅमेरा नंतर घेतला तरी चालेल.